कुजबुज ऐकू येईल असं कार्ड

आमच्या दुकानात ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेला माणूस हटकून विचारतो, यावर अमुक गेम चालेल का? दुसरा प्रश्न असतो, दोन वर्षांनी येणारा गेम चालेल का? ते देवालाही ठाऊक नसतं, पण आम्ही "बिल्कुल चलेगा" म्हणतो. तिसरा प्रश्न, यात दिवे लागतात का? "हे आवाज किती करतं?" असं विचारणारी माणसं मात्र एवढ्या वर्षांत मला फार थोडी भेटली. त्यातल्या एका बाईंबद्दल मी लिहिणार आहे.

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी कामाबद्दल काही लिहा असं संपादकबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. या अंकात डॉक्टर लिहितात, निवृत्त सचिव लिहितात. मी दिल्लीच्या नेहरू प्लेस बाजारात कॉम्प्युटर जोडून देणारा माणूस. त्या म्हणाल्या, "अहो शिंदे, तेच लिहा. आमच्या घरात त्या कार्डावरून रोज भांडण आहे. ते आहे तरी काय, एवढं तरी कळू दे."

तर आधी ते सांगतो. घरात पाहुणे थोडे असले की स्वयंपाक घरचीच माणसं करतात. लग्न असलं की आचारी बोलवावा लागतो, आणि तो आपली चूल, आपली कढई घेऊन अंगणात वेगळा बसतो. कॉम्प्युटरमध्ये पत्र लिहिणं, हिशेब करणं हा घरचा स्वयंपाक. गेममध्ये मात्र रस्ता, झाडं, सावल्या, पाऊस, समोरून येणारी गाडी, सगळं एका सेकंदात कितीतरी वेळा नव्याने रंगवावं लागतं. त्यासाठी बसवलेला आचारी म्हणजे ग्राफिक्स कार्ड. त्याची चूल वेगळी पेटते, म्हणून त्याला पंखेही वेगळे. आवाज येतो तो या पंख्यांचा.

लोकांना वाटतं कमी पंखे म्हणजे कमी आवाज. उलट आहे. टेबलफॅन घुंघुं करतो आणि छतावरचा मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा देतो, तसंच इथे. लहानसं एका पंख्याचं कार्ड स्वस्त असतं, पण त्या बिचाऱ्याला सतत पळावं लागतं. पंख्याखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची जी जाळी असते ती जितकी जाड, तितकं पंख्याचं काम हलकं. म्हणून मी कार्ड घेताना खोक्यावरचं चित्र बघत नाही, तळहातावर ठेवून वजन बघतो. आमचे मालक चावलाजी हसतात, "शिंदे, तू कार्ड ले रहा है कि खरबूजा?" हसोत. एकाच ताकदीच्या दोन कार्डांत जे जड, ते बहुधा शांत निघतं.

आणि कार्ड आपल्या पडद्याच्या मापाचं घ्यावं. साध्या पडद्याला राजेशाही कार्ड लावणं म्हणजे दोन माणसांच्या घरी पंगतीचा आचारी बसवणं. गुडगावचा एक तरुण बाजारातलं सगळ्यात लांब कार्ड घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आला. ते त्याच्या कॅबिनेटमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यात, मावत नव्हतं. मला म्हणाला, "भैया, थोड़ा सा काट दो ना." त्याला कार्ड कापायचं होतं की कॅबिनेट, हे मी आजपर्यंत विचारलेलं नाही. पण त्याचा जीव त्या कार्डावर इतका होता की रागवायला मन झालं नाही. कॅबिनेट बदलून दिलं.

माझं गाव जालना जिल्ह्यातलं परतूर. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्रांच्या आवाजात त्यांचं आयुष्य गेलं. घरी आले तरी ते मोठ्यानेच बोलत. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. विषय भौतिकशास्त्र. कॉलेजात ध्वनीच्या प्रयोगाला आमचे सर दारं-खिडक्या लावून घ्यायचे, सगळ्यांना गप्प बसवायचे आणि म्हणायचे, "आधी ऐका. आकडा नंतर लिहा." दिल्लीला आलो तो मामांच्या आधाराने. मामा फौजेत, त्यांचं क्वार्टर कँटोन्मेंटमध्ये. त्यांनी ओळखीने चावलाजींकडे चिकटवलं, आणि मी चिकटलो तो चिकटलोच. सरांचं ते वाक्य मला कामाला येईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. कारण नेहरू प्लेसमध्ये ऐकू काय येणार? खाली "प्रिंटर, लॅपटॉप, टोनर" म्हणून ओरडणारे, वर जनरेटर, शेजारी ड्रिलमशीन. तिथे प्रत्येक कार्ड शांत.

सुरुवातीला म्हटलं त्या बाई, रूथमावशी, आल्या त्या हिवाळ्यातल्या एका दुपारी. साठी ओलांडलेल्या, निळ्या काठाची साडी, वर मरून स्वेटर, पायात बूट. काउंटरवर चावलाजी होते.

"आंटीजी, पोते के लिए?"

"नहीं, मेरे लिए. मैं ट्रक चलाती हूँ."

चावलाजींनी चष्मा कपाळावर चढवला.

"कंप्यूटर पे," बाई म्हणाल्या. "युरोप में."

तेवढ्यात मला बायकोचा फोन आला. डबा घरीच राहिला होता. "असू दे गं, इथे छोले खाईन," असं मी म्हटलं आणि फोन ठेवला, तर बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"अगं बाई, मराठी होय तुम्ही! मग मी कशाला उगाच हिंदीची हाडं मोडतेय?"

त्या नगरच्या. आयुष्यभर दिल्लीच्या इस्पितळात नर्स म्हणून काम केलेलं, आता नोएडात राहतात. मी त्यांना स्टूल दिलं, चहा सांगितला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जमेल तसं लिहितो.

त्यांचे यजमान सॅम्युएलकाका सरकारी गाडीवर ड्रायव्हर होते. मागे अधिकारी झोपलेला असायचा आणि पानिपत, कर्नाल, अंबाला, चंदिगड अशी गाडी न्यायची, तीही त्याची झोप न मोडता. निवृत्तीनंतर स्वतःची जुनी गाडी घेऊन दोघांनी देश बघायचा असं ठरलं होतं. मग काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं. माणूस वाचला, आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. शिवाय मानेजवळची नस दुखावल्याने उजवा हात खांद्याच्या वर जाईना. गाडी विकली.

"आणि त्यांनी बोलणंच टाकलं हो," मावशी म्हणाल्या. "बाहेरच्या माणसासमोर तर एक शब्द नाही. दूधवाला आला तरी आत जातात. माझ्याशी मान हलवून काम भागवायचे. वॉर्डात मी अशी माणसं पुष्कळ पाहिलीत. पण वॉर्डातून आपण घरी जातो ना. इथे घरीच तो वॉर्ड."

त्यांची मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हा तिचा कॉम्प्युटर मागे राहिला होता. दिवाळीला आली असताना तिने त्यावर ट्रक चालवायचा गेम टाकून दिला, टेबलाला स्टिअरिंग लावलं, खाली पायाशी ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. वाटलं, बाबांना विरंगुळा. बाबांचा हात स्टिअरिंगवर फार वेळ टिकेना. मग आईच गंमत म्हणून बसली आणि पहिल्याच वळणावर ट्रक शेतात घातला.

"आणि मागून आवाज आला, 'ब्रेक.' कितीतरी महिन्यांनी त्यांनी आपण होऊन काढलेला शब्द."

त्या दिवसापासून रोज दोघं ट्रक काढू लागले. त्या चालवायच्या, ते शेजारी खुर्चीवर बसून सांगायचे. गिअर कमी कर. उजवीकडचा आरसा बघ. त्याला जाऊ दे, तो वेडा आहे. गाडीतलं बोलून झालं की गाडीबाहेरचंही निघायचं, तरुणपणीचं, साहेबांचं, कर्नालच्या ढाब्याचं.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं.

"कॉम्प्युटरचा डबा रडायला लागलाय. आधी थोडा आवाज करायचा, आता मिक्सर लावल्यासारखा. ते काहीतरी सांगतात, मी 'काय?' म्हणते. पुन्हा सांगतात, मी पुन्हा 'काय?' तिसऱ्यांदा सांगत नाहीत. गेल्या आठवड्यात नुसते बसून राहिले आणि उठून गेले. भाऊ, मला तो गेम मोठा दिसायला नको, पळायला नको. त्यांची कुजबुज मला ऐकू आली पाहिजे. नाहीतर ते पुन्हा गप्प बसतील."

मी माझ्या परीने सोपे उपाय सुचवले. हेडफोन? "मग त्यांचं ऐकू कसं येणार?" खरंच की. गळ्याला लावायचा माइक? इस्पितळातून मिळाला होता. एकदा लावला, आणि आपला आवाज रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखा येतो म्हणून काकांनी कपाटात टाकला. शेवटी मी म्हटलं, "मावशी, सेटिंगमध्ये ट्रकचे आरसे बंद करा. प्रत्येक आरशात मागचा रस्ता वेगळा रंगवावा लागतो, कार्डावर फार भार येतो. आरसे बंद केले की निम्मी चूल विझेल."

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ऑपरेशनआधी हात धुवायला नको म्हटलं होतं.

"आरसे बंद? ड्रायव्हरच्या शेजारी बसून? ते खोलीत थांबतील का माझ्याबरोबर?"

म्हणजे आरसे हवेत, शांतता हवी, कॅबिनेट मुलीचं लहानच ठेवायचं, त्यातला वीजपुरवठ्याचा डबा बेताचा आणि पेन्शनीतून बाजूला काढलेली रक्कम त्याहून बेताची. चावलाजी तीन पंख्यांचं झगझगीत कार्ड पुढे सरकवत होते. ते बसलंही नसतं आणि त्याला वीजही पुरली नसती. मी दोन पंख्यांचं मधलं कार्ड काढलं. कमी वीज खाणारं, म्हणून कमी तापणारं, आणि हाताला जड. पुढल्या गल्लीत कुणीतरी वापरलेलं मोठं कार्ड याच भावात दिलं असतं. पण तसली कार्डं कुठेतरी रात्रंदिवस राबून आलेली असतात, त्यांच्या पंख्यांचे सांधे खिळखिळे झालेले असतात. आज गप्प बसतील, उद्या खोकतील.

मावशींनी कॅबिनेट दुसऱ्या दिवशी रिक्षातून आणलं. मी कार्ड बसवलं, आतली धूळ काढली, गेम लावून पाहिला. पंख्यांचा आवाज नावालाही नाही. मी खूश. चावलाजी म्हणाले, "आंटीजी, ताजमहल जैसा शांत."

आठवडाभराने फोन आला.

"भाऊ, मिक्सर गेला. पण आत डास शिरलाय."

"डास?"

"कानाशी गुणगुणतो तसा. ट्रक उभा असला की जास्त. आणि मिक्सरही थोडा थोडा परत यायला लागलाय."

मी चावलाजींना सांगितलं. ते म्हणाले, "मच्छर की वारंटी कंपनी नहीं देती." पण मागोमाग म्हणाले, "जा, देख के आ. दूसरा पीस भी साथ ले जा, चालान बना ले." धंद्यात कडक माणूस, पण गिऱ्हाइकाला वाऱ्यावर सोडणं त्याच्या रक्तात नाही. हे मी त्यांच्यासमोर कधी म्हटलेलं नाही, इथे लिहून ठेवतो.

डास काय तो मला कळला होता. कार्डावर तारेची वेटोळी असतात. त्यातून वीज फार भराभर कमी-जास्त झाली की ती थरथरतात आणि बारीक किणकिण येते. नेहरू प्लेसमध्ये ती ऐकू येणं शक्यच नव्हतं. काकांच्या कुजबुजीत स्वर उरलेलाच नव्हता, होता नुसता श्वास, स-श-फ यांचा. तो बारीक आवाज नेमका तिथेच बोचत असणार.

रविवारी मेट्रोने नोएडाला गेलो. पहिल्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. काकांनी दार उघडलं, हसून हात जोडले आणि आत जाऊन बसले. उंच, ताठ माणूस, गळ्याला मफलर. मावशींनी चहा ठेवला. मी बॅग उघडून टेबलाकडे वळलो आणि जागच्या जागी थांबलो.

कॅबिनेटवर क्रोशाचं पांढरंशुभ्र कव्हर होतं. वरून आणि तिन्ही बाजूंनी झाकणारं, खाली झालर, समोर बटणापुरतं भोक ठेवलेलं. फार सुंदर काम होतं, हे मला सांगितलंच पाहिजे.

"मावशी, हे गेम चालू असतानाही असतं?"

"म्हणजे काय! दिल्लीची धूळ बघताय ना? कार्ड नवीन आहे म्हणून मुद्दाम दुहेरी विणलं. आधीचं एकेरी होतं."

आपल्या घरांत टीव्हीला कव्हर असतं, मिक्सरला असतं, शिवणयंत्राला असतं. नवी वस्तू आली की माया म्हणून आधी तिला कपडे शिवायचे. माझ्या आईने रेडिओला शिवले होते. पण या कॅबिनेटची गरम हवा वरच्याच जाळीतून बाहेर जाते. मी कव्हर हलकेच उचललं. आतून तव्यावरून यावी तशी वाफ हाताला लागली.

काका ताडकन उठले. मांडीवर थाप मारली, कव्हराकडे बोट दाखवलं, मग मावशींकडे, आणि ओठ हलवले. मला कळलं नाही. मावशी जवळ गेल्या.

"काय म्हणताय?"

पुन्हा ओठ हलले. मावशींनी पदर तोंडाला लावला. त्यांना हसू येतंय की रडू, मला समजेना.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, 'बॉनेटवर गोधडी घालून गाडी चालवू नकोस, हेच किती दिवस सांगतोय.'"

तेच ते सांगत होते, आणि कव्हरामुळे झालेल्या आवाजातच ते बुडत होतं.

अर्धं काम असं झालं. उरला डास. मी सरांसारखी दारं-खिडक्या लावून घ्यायला सांगितली. मावशींनी फ्रिजही बंद केला. आवाज कार्डातून येतो की वीजपुरवठ्याच्या डब्यातून, हे मला नक्की करायचं होतं. एरवी मी वर्तमानपत्राची सुरळी करून कानाला लावतो. मावशी म्हणाल्या, "थांबा," आणि कपाटातून त्यांचा स्टेथोस्कोप घेऊन आल्या. नळी कितीतरी वर्षांची, पण मऊ. मी तो कानाला लावला आणि कॅबिनेटच्या पत्र्यावरून बोटाबोटाने सरकवत गेलो. मागून मावशी, "खोल श्वास घ्या म्हणा त्याला." काकांचे खांदे हसून हलत होते.

आवाज कार्डातूनच होता. बरोबर नेलेलं दुसरं कार्ड लावून पाहिलं, तेही थोडं किणकिणलं. कार्ड बदलून भागणार नव्हतं, त्याला शिस्त लावायला हवी होती. त्यांचा पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवणारा. पण ट्रक उभा असला, समोर नुसती भिंत असली, की कार्ड उत्साहाच्या भरात त्याच्या कितीतरी पट चित्रं काढत बसायचं. ती कुणाला दिसत नाहीत, पण वेटोळी मात्र थरथरत राहतात. मी साठची मर्यादा घातली. कार्डाला मिळणारा विजेचा दाब थोडा उतरवला. त्याने चित्रात फरक पडत नाही, उष्णता मात्र कमी होते. पंखे एकदम थांबायचे आणि एकदम सुटायचे, ते बंद करून त्यांना सतत पण अगदी सावकाश फिरायला लावलं. एकसारखा मंद आवाज कान विसरून जातो. मध्येच सुरू होणारा विसरत नाही.

यातलं काहीही महाग कार्ड घेऊन झालं नसतं. हे मी नव्या गिऱ्हाइकांना हल्ली आवर्जून सांगतो. कार्ड बेताचं घ्या, जड घ्या, त्याला मोकळी हवा द्या, आणि नको तेवढं पळू देऊ नका.

मग मी म्हटलं, "मावशी, काढा ट्रक."

त्या बसल्या. चष्मा पुसला, सीट पुढे ओढली. काका शेजारच्या खुर्चीवर बसले. मी मागे पलंगाच्या कडेला. आल्प्समधला रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फ, दोन्ही आरशांत मागे जाणारा डोंगर. खोलीत घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. काका समोर बघत होते. मावशींची मान काकांकडे किंचित कललेली, त्यांच्या कानाजवळची शीर ताणलेली मला दिसत होती. मला एकदम भीती वाटली. यंत्र शांत करणं माझ्या हातात होतं. त्यापुढचं नव्हतं. त्यांनी बोलायचंच नाही असं ठरवलं असेल तर?

बोगदा आला. मावशींनी वेग कमी केला नाही.

"दिवे," काका म्हणाले.

मावशींनी दिवे लावले. 'काय?' असं विचारलं नाही.

"आणि पुढे ट्रेलर आहे. त्याच्या मागे नको. अंतर ठेव."

"ठेवतेय."

"हे ठेवणं झालं?"

"अहो, मी चालवतेय की तुम्ही?"

"तू चालवतेयस म्हणून तर सांगतोय."

"ऐकू यायला लागलं म्हणून अंगावर येऊ नका. इतके दिवस ट्रक सुखरूप नेला ना मी?"

"दोनदा नदीत घातलास."

"एकदा!"

"दुसऱ्यांदा मी सांगत होतो. तुला ऐकू आलं नाही."

मी चहाचा कप घेऊन तसाच बसून राहिलो. मी आजवर किती कॉम्प्युटर जोडले त्याची मोजदाद नाही. ज्याने मागितला त्याने नेला, आणि पुढे त्याच्या खोलीत काय झालं हे मला कधी कळलं नाही. त्या दिवशी कळलं. लग्नाला चाळीसहून जास्त वर्षं झालेली दोन माणसं बर्फातल्या रस्त्यावर कडाकडा भांडत होती आणि त्यातला एक आवाज फुंकरीएवढा होता. निघताना मावशींनी चिवड्याची पुडी हातात ठेवली. काकांनी दारापर्यंत येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. बोलले नाहीत. मला जराही वाईट वाटलं नाही. ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्याशी ते बोलले होते.

मे महिना आला तशी मला काळजी लागली. दिल्लीत जानेवारीत शांत असलेलं कार्ड मे महिन्यात शांत राहीलच असं नाही. खोलीच तापते, मग पंख्यांना पळावंच लागतं. गिऱ्हाइकाचा फोन येण्याआधी मीच केला.

"मावशी, कार्ड आवाज करतंय का?"

"कार्डाचं काय घेऊन बसलात! कूलर लावलाय खोलीत, त्याच्यापुढे विमान उतरलं तरी ऐकू येणार नाही."

 कूलरचा विचारच मी केला नव्हता. "मग? ट्रक बंद?"

"बंद कसला! यांनी टाइमटेबल बदललं. म्हणतात, उन्हाळ्यात शहाणा ड्रायव्हर दुपारी गाडी काढत नाही. दिल्ली-चंदिगडला ते नेहमी पहाटेच निघायचे. तसं आता आम्ही पहाटे निघतो. कूलर बंद, खिडकी उघडी, थर्मासमध्ये चहा. ऊन चढलं की ट्रक ढाब्यावर लावायचा आणि झोपायचं. आज सकाळी आम्ही समुद्रापाशी पोचलो."

मी हसलो. म्हटलं, "काकांना नमस्कार सांगा."

"थांबा, ते हात पुढे करतायत."

फोन दुसऱ्या हातात गेल्याची खरखर झाली. मग नुसता श्वास. मी दुकानात होतो. चावलाजी कुणाला तरी मोठ्याने भाव सांगत होते. मी जिन्यावर गेलो, तिथेही ऐकू येईना, मग वरच्या मजल्यावरच्या बंद गोदामाच्या कोपऱ्यात जाऊन एका कानात बोट घातलं.

"काका, बोला. मी ऐकतोय."

"शिंदे." शब्द असा आला, जणू कुणी कागदावर बोट फिरवलं. "तुम्ही गाडी चालवता?"

"नाही काका. मेट्रोने जातो. कधी शिकलोच नाही. गावाकडे सायकल होती तेवढीच."

 मागे मावशी काहीतरी विचारत होत्या, त्यांना त्यांनी थांबवलं असावं. मग एकेक शब्द, सावकाश, स्पष्ट, मधे दम घेत आला.

"रविवारी या. पहाटेच. मी शिकवतो."